चित्र पाहा, कलम वाचा : संविधानाचे चित्रकार नंदलाल बोस

भारतीय संविधानाचे शिल्पकार कोण, हे आपल्या वस्तीतील पहिलीच्या मुलालाही ठाऊक आहे. परंतु संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन वायू भरलेल्या काचेच्या पेटीत जपून ठेवलेल्या मूळ हस्तलिखित संविधानाची अक्षरे कोणी लिहिली आणि पाने कोणी सजविली, असे विचारले तर आपल्यातील अनेक शिकलेसवरलेले लोकही गप्प बसतात. इतकी वर्षे या गोष्टीची कोणी फारशी दखल घेतली नाही. अलीकडे मात्र ही चित्रे एकाएकी राजकारणात आणली जात आहेत. ५ ऑगस्ट २०२० रोजी अयोध्येत मंदिराचे भूमिपूजन झाले, त्याच दिवशी तत्कालीन केंद्रीय कायदामंत्र्यांनी मूलभूत हक्कांच्या भागावरील राम-सीता-लक्ष्मणाचे चित्र समाजमाध्यमांवर प्रसृत केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये, बाजारात मिळणाऱ्या संविधानाच्या प्रतींमध्ये मूळची २२ चित्रे का नाहीत, असा सवाल राज्यसभेत करण्यात आला. ज्यांना कलमांची आठवण होत नाही त्यांना चित्रांची आठवण का व्हावी, हे न समजण्याइतका आपला समाज भोळा राहिलेला नाही. सबब, ही चित्रमाला ज्यांच्या हाताखाली तयार झाली त्या नंदलाल बोस यांचे चरित्र आपण आपल्या नजरेने वाचले पाहिजे, असे आम्हास वाटते.

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातील हवेली खडगपूर या गावी एका बंगाली कुटुंबात झाला. वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानात नोकरीला होते. आई क्षेत्रमणी देवी घरीच खेळणी आणि बाहुल्या करीत. गावातले कुंभार आणि मूर्तिकार काम करताना हा मुलगा त्यांच्याकडे पाहत बसे. चित्रकलेच्या इतिहासात त्यांच्या गुरूंची नावे मोठमोठी सांगितली जातात. पण त्यांचे पहिले गुरू हे मातीत हात घालणारे कारागीर होते, ही बाब आपण ध्यानात ठेवली पाहिजे. पुढे शिक्षणासाठी ते कलकत्त्यास गेले. घरच्यांना मुलाने चांगली नोकरी धरावी असे वाटत होते. त्यांचे मन मात्र कॉलेजच्या अभ्यासात रमेना, परीक्षांत अपयश येऊ लागले. अखेर १९०५ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ टागोर यांच्या हाताखाली प्रवेश घेतला. तो स्वदेशीचा काळ होता. विलायती चित्रांची नक्कल सोडून या भूमीतील चित्रपरंपरा शोधावी, असा ध्यास त्या मंडळींनी घेतला होता.

हा शोध त्यांना आपल्या महाराष्ट्रात घेऊन आला. अजिंठ्याची लेणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९०९ ते १९११ या काळात इंग्रज चित्रकर्त्या लेडी हेरिंगहॅम यांनी लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्याचे काम हाती घेतले. त्या कामात ज्या तरुण भारतीय चित्रकारांनी भाग घेतला त्यांत नंदलाल होते. लेण्यातल्या अंधुक उजेडात भिंतीसमोर उभे राहून एकेक रेष टिपायची, उडालेला रंग ओळखायचा, हे काम सोपे नव्हते. बौद्ध भिक्खूंच्या निवासासाठी कोरलेल्या त्या भिंतींवर राजा आहे तसा दास आहे, हत्ती आहे तशी शिदोरी घेतलेली बाई आहे, आणि या सगळ्यांच्या मध्ये तथागत आहेत. पुढे १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील बाघ येथील बौद्ध लेण्यांच्याही प्रतिकृती त्यांनी केल्या. नंदलाल काही बौद्ध नव्हते. त्यांनी आयुष्यभर शिव, सती, दुर्गा हे विषय रंगविले. परंतु त्यांच्या रेषेची शाळा ही बुद्धाची लेणी होती, हे कोणालाही नाकारता येणार नाही. भारतीय कलेचा पाया म्हणून जे जगाला दाखविले जाते त्यात अजिंठ्याचे स्थान केवढे आहे, हे आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. ते आपणच सांगितले पाहिजे.

रवींद्रनाथ टागोर यांच्या बोलावण्यावरून नंदलाल शांतिनिकेतनला गेले आणि १९२२ पासून १९५१ पर्यंत तेथील कलाभवनाचे प्रमुख राहिले. तेथे त्यांनी चित्रकलेला श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढले. भिंतीवर चित्रे, जमिनीवर अल्पना म्हणजे रांगोळी, नाटकाचा मंच, उत्सवाची सजावट, विणकाम, चामड्याचे काम, हे सारे त्यांनी अभ्यासक्रमात आणले. पुस्तकांची चित्रे काढणे हे त्या काळी दुय्यम काम समजले जाई. नंदलालांनी ते कमी प्रतीचे मानले नाही.

१९३० साली रवींद्रनाथांचे सहज पाठ हे बंगाली बाराखडीचे पुस्तक निघाले. त्याची चित्रे नंदलालांनी लिनोकट पद्धतीने काढली. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटे कोरायचे, उरलेल्या उंचवट्यावर शाई लावायची आणि कागदावर दाब द्यायचा, अशी ही पद्धत. काळा आणि पांढरा एवढे दोनच रंग असतात. छपाई स्वस्त होते आणि साध्या छापखान्यातही चित्र ठसठशीत उमटते. त्यात त्यांनी गावाकडची झाडे, माणसे आणि जनावरे अशी कोरली की नुकतीच अक्षरे शिकणारे मूल चित्र बघत बघत शब्दाकडे जावे. बंगालमधील कित्येक पिढ्या या पुस्तकावर वाचायला शिकल्या. चित्राचे काम वाचकाला अक्षरापर्यंत पोहोचविण्याचे आहे, ही त्यांची शिकवण आम्हाला त्यांच्या सर्व कामात महत्त्वाची वाटते. ती पुढे संविधानाच्या वेळी उपयोगी पडणार आहे.

त्याच १९३० साली त्यांनी दांडीयात्रेतील गांधीजींचे, हाती काठी घेऊन चालणारे लिनोकट कोरले. ते देशभर गाजले. येथे आमच्या वाचकांनी एक तारीख शेजारी मांडून पाहावी. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दांडीयात्रा त्यानंतर दहा दिवसांनी, १२ मार्चला निघाली. मिठासाठी चालणाऱ्या पावलांना देशातला मोठा चित्रकार मिळाला. माणुसकीच्या हक्कासाठी मंदिराच्या दाराशी उभे राहिलेल्या आमच्या आयाबहिणींना आणि बापजाद्यांना तो मिळाला नाही. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला बाबासाहेबांचे जनता पत्र सुरू झाले. त्याआधीच्या बहिष्कृत भारताचे स्तंभच्या स्तंभ बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. जिथे मजकुराला दुसरा हात नव्हता तिथे चित्राला कुठला असणार! यात आम्ही नंदलालांना दोष देत नाही. माणूस ज्या वर्तुळात वावरतो त्या वर्तुळातले त्याला दिसते. आपले चित्र दुसऱ्याच्या हातून निघेल म्हणून वाट पाहणाऱ्या समाजाने मात्र यातून धडा घ्यावा.

गांधीजींनी नंदलालांना काँग्रेसच्या अधिवेशनांच्या सजावटीचे काम दिले. १९३६ साली लखनौ, त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या खानदेशातील फैजपूर आणि १९३८ मध्ये गुजरातमधील हरिपुरा. फैजपूरचे अधिवेशन हे खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन. तेथे बांबूसारखे गावात मिळेल ते सामान वापरून त्यांनी मंडप सजविला. हरिपुऱ्यासाठी त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे ४०० चित्रफलक तयार केले, त्यांपैकी ऐंशीच्या वर त्यांनी स्वतः रंगविले. हातकागद, मातीचे रंग आणि जाड कुंचला. विषय कोणते? ढोलवाला, सुतार, शिंपी, कापूस पिंजणारा, धान्य कांडणारी बाई, शेतकरी, शिकारी. देव नाही, राजा नाही, कष्टकरी आहे. हे फलक येणाऱ्या-जाणाऱ्या खेडूताला दिसावेत असे उघड्यावर लावले होते.

हे फलक सुंदर आहेत, यात शंका नाही. पण फैजपूर अधिवेशनाचे जे वर्ष, तेच १९३६ हे बाबासाहेबांच्या जातिसंहारावरील ग्रंथाचे वर्ष. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. एकीकडे कारागिराचे चित्र सन्मानाने वेशीवर लागत होते आणि दुसरीकडे बाबासाहेब विचारत होते की हे काम याच घरात जन्मलेल्या माणसाने का करायचे. चित्रात ढोलवाल्याचा हात दिसतो, त्याची जात आणि त्याच्या वाट्याला आलेले जिणे दिसत नाही. श्रमाचे कौतुक निराळे आणि श्रमिकाची मुक्ती निराळी. चळवळीच्या कार्यकर्त्याला हा फरक कळला पाहिजे.

नंदलालांच्या आयुष्यातील आणखी एक काम आपल्या जिव्हाळ्याचे आहे. ज्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन भीमरावांना अमेरिकेस पाठविले, त्यांच्याच बडोद्यातील कीर्तिमंदिराच्या भिंती नंदलालांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगविल्या. गंगावतरण, मीराबाई आणि महाभारतातील युद्ध यांबरोबर त्यांनी चौथा विषय घेतला तो नटीर पूजा या रवींद्रनाथांच्या नाटकाचा. त्यात राजाज्ञा मोडून बुद्धाच्या स्तूपासमोर वंदना करणारी श्रीमती नावाची नर्तकी प्राणाला मुकते. राजवाड्यातील नाचणारीण ही समाजाच्या लेखी हलकी, पण धम्मासाठी उभी राहिली ती तीच. आपल्या महिला मंडळांनी ही कथा आवर्जून समजून घ्यावी.

आता मूळ विषयाकडे येतो. संविधान सभेने देशाची घटना मंजूर केली तेव्हा तिची एक प्रत हाताने लिहून चित्रांनी सजवावी असे ठरले. लेखनाचे काम दिल्लीचे प्रेम बिहारी नारायण रायजादा यांच्याकडे आणि सजावटीचे काम नंदलालांकडे आले. नंदलाल तेव्हा सदुसष्टीत होते. हे काम त्यांनी एकट्याने केले नाही. प्रास्ताविकेचे पान जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी सजविले. राजमुद्रेच्या सिंहांचे काम दीनानाथ भार्गव यांच्याकडे होते. आपल्या कोल्हापूरचे विनायक मासोजी या चमूत होते, नंदलालांच्या मुली गौरी भंज आणि जमुना सेन याही होत्या.

रायजादा यांचे आजोबा रामप्रसाद सक्सेना यांनी नातवाला सुलेखन शिकविले होते. लेखणी पिढ्यान्पिढ्या ज्या घरात होती, अशा घरातला हा माणूस. त्यांनी मानधन घेतले नाही असे सांगतात. प्रत्येक पानावर स्वतःचे नाव आणि शेवटच्या पानावर आजोबांचे नाव लिहू द्यावे, एवढीच त्यांची अट होती. सुमारे सहा महिने खपून, शेकडो निबा झिजवून, इंग्रजीच्या तिरप्या वळणात त्यांनी ३९५ कलमे आणि ८ अनुसूची उतरविल्या. हिंदी प्रतीचे लेखन वसंत कृष्ण वैद्य यांनी केले. २४ जानेवारी १९५० रोजी सभेच्या २८४ सदस्यांनी स्वाक्षऱ्या केल्या. पुढे देहरादूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात या ग्रंथाच्या सुमारे हजार प्रती छापल्या गेल्या. ज्या समाजावर हजारो वर्षे अक्षरबंदी होती त्या समाजाच्या सुपुत्राने घडविलेला मसुदा, पिढीजात लेखणीवाल्या घरातला माणूस मान खाली घालून अक्षर अक्षर उतरवतो आहे, याहून मोठे चित्र त्या ग्रंथात शोधूनही सापडणार नाही.

गेल्या संविधान दिनी भंडारा जिल्ह्यातील दिघोरी येथे कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. तेथे काही तरुणांनी मोबाईलवर आलेले चित्र दाखवून विचारले, वकील साहेब, मूलभूत हक्कांच्या पानावर राम आहे, मग हे हक्क रामराज्यातून आले असे म्हणतात ते खरे काय? प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देतो.

मूळ ग्रंथाच्या भाग ३ वर रामायणातील प्रसंग आहे, भाग ४ वर कृष्ण-अर्जुन आहेत. हे खरे. पण चित्रमाला तिथे संपत नाही. राष्ट्रपती आणि संसद ज्या भागात येतात त्या भाग ५ वर तथागत बुद्ध आहेत. राज्यांविषयीच्या भाग ६ वर महावीर आहेत. शासकीय सेवांच्या भाग १४ वर बादशहा अकबर आहे. निवडणुकांच्या भाग १५ वर छत्रपती शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद असलेल्या भाग १६ वर झाशीची राणी आणि टिपू सुलतान आहेत. चित्रावरून कायदा काढायचा असेल तर आरक्षण टिपू सुलतानाने दिले असे म्हणावे लागेल! भाग ३ चे चित्र मिरविणाऱ्यांनी भाग १६ चे चित्र कधी मिरविलेले आम्ही पाहिले नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सम्राट अशोक धम्माचा प्रसार करतो आहे हे चित्र भाग ७ वर आहे. हा भाग ७ सातव्या घटनादुरुस्तीने १ नोव्हेंबर १९५६ पासून रद्द झाला, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अवघ्या १८ दिवसांनी. आज छापील संविधानात भाग ६ नंतर एकदम भाग ८ चालू होतो. चित्राला कायद्याचे बळ असते तर अशोकाच्या चित्राने तो भाग वाचविला असता. तसे झाले नाही. संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली ती कलमे आणि अनुसूची. चित्रे ही त्या ग्रंथाची शोभा आहे, न्यायालय अर्थ लावते तो शब्दांचा. आणि भाग ३ मध्ये शब्द कोणते आहेत? कलम १४ समानतेचे, कलम १५ भेदभावाच्या मनाईचे, कलम १७ अस्पृश्यता नष्ट करणारे. शंबूकाची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको की ही कलमे रामायणातून येऊ शकत नाहीत. ती चवदार तळ्याच्या पाण्यातून आली आहेत.

मग ही चित्रे आपण नाकारायची काय? मुळीच नाही. नंदलालांचा हेतू हक्कांना धर्माच्या दावणीला बांधण्याचा नव्हता. मोहेंजोदडोच्या बैलापासून हिमालय, वाळवंट आणि समुद्रापर्यंत देशाची कहाणी त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे मांडली. ती समजूत अपुरी होती, हे सांगण्याचा हक्क आपल्याला आहे. त्या २२ चित्रांत गांधीजी दोनदा आहेत. कबीर नाहीत, जोतीराव नाहीत, सावित्रीबाई नाहीत. पाणवठ्यावरून हाकललेला माणूस एकाही पानावर नाही. तो पानाच्या वरच्या चित्रात नाही, पण खालच्या मजकुरात मात्र ठायी ठायी आहे. चित्रातली ही उणीव कलमांनी भरून काढली आहे.

नंदलाल बोस यांना १९५४ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. प्रेम बिहारी रायजादा यांचेही निधन त्याच वर्षी झाले. एकाची रेष आणि दुसऱ्याचे अक्षर आजही एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आहे.

आपल्या चळवळीतही रेष आणि अक्षर सांभाळणारे हात होते आणि आहेत. विहाराच्या भिंतीवर त्रिसरण-पंचशील आणि २२ प्रतिज्ञा रंगविणारे, जयंतीचे फलक, मोर्चाचे बॅनर, नामविस्ताराच्या लढ्यातील भिंती रात्र रात्र जागून लिहिणारे पेंटर आमच्या गावोगावी होते. ब्रश धुवायला रॉकेल नाही, शिडीला टेकू नाही, मजुरी तर नाहीच, तरी जयभीम या अक्षरांचे वळण बिघडू दिले नाही. पुढे फ्लेक्स आले. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे चेहरे मोठे झाले आणि पेंटर घरी बसले. त्यांची नावे आपण कुठे लिहून ठेवली आहेत काय?

नावे लिहिण्याची परंपरा तर आपलीच आहे. भंडारा जिल्ह्यातच वैनगंगेकाठी पवनी आहे. तेथे १९६९-७० च्या उत्खननात जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. त्या स्तूपाच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्या उपासक-उपासिकांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी साध्या माणसाचे नाव दगडावर कोरण्याएवढा मान धम्माने दिला. रायजादा यांनी पानोपानी मागितला तो हाच मान होता.

म्हणून आमची विनंती आहे. संविधान दिन आला की प्रास्ताविकेची तसबीर हारासाठी भिंतीवर टांगून थांबू नका. गावातील जुन्या पेंटरला सन्मानाने बोलवा, त्याच्याकडून विहाराच्या भिंतीवर कलम १४, १५, १७ आणि २१ मराठीत लिहून घ्या आणि खाली त्याचे नाव लिहा. मुलांकडून एकेक कलम हाताने लिहून घ्या, वर त्यांना हवे ते चित्र काढू द्या. कोणी चवदार तळे काढील, कोणी सावित्रीबाईंची शाळा काढील, कोणी आपल्या आईला रोवणी करताना काढील. बाबासाहेबांना आपण १९५४ साली याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत निवडून देऊ शकलो नाही. त्यांचे संविधान कोणी चित्र दाखवून हिरावू पाहत असेल, तर निदान ते कलमनिशी वाचून दाखविण्याइतके तयार तरी आपण राहिलेच पाहिजे. जयभीम!